हद्द आणि दाखला

शीव कोळीवाड्यापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर टेकडीच्या माथ्यावर जो पडका किल्ला आहे, तो जेराल्ड आँजियर हा मुंबईचा गव्हर्नर असताना, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळात इंग्रजांनी बांधविला, आणि तो तेथेच बांधण्याचे कारण असे की, कंपनीचा मुलूख त्या टेकडीच्या पायथ्याशी संपत होता व खाडीपलीकडे साष्टी बेटात फिरंग्यांचा अंमल सुरू होत होता. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांच्या हाती आली तेव्हा खाडीपलीकडचा धनी बदलला, पण हद्द होती तेथेच राहिली; १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, तेव्हा कोठे ही चौकी निरुपयोगी झाली. म्हणजे आज जेथे इस्पितळाच्या दारातील गर्दी आणि लोकल गाड्यांची खडखड अहोरात्र चालू असते, तेथे सुमारे शंभर वर्षे दोन राज्यांची सरहद्द होती, आणि त्या सरहद्दीवर पहारे होते, तोफा होत्या, मालावर जकात होती. माणसांविषयी मात्र याच आँजियरचे धोरण निराळे होते. बेटावर वस्ती तुरळक, हवा रोगट आणि तिजोरी जेमतेम, अशा स्थितीत बाहेरून माणसे आणल्यावाचून गत्यंतर नाही हे ओळखून त्याने परमुलखांतील व्यापाऱ्यांस आश्रयाचे व धर्माचरणाच्या मोकळिकीचे वचन दिले. दीवच्या नीमा पारख या वाण्यास १६७७ मध्ये दिलेली हमी इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेच. यात आँजियरची भूतदया शोधण्याचे कारण नाही. त्यास व्यापार हवा होता. पण राज्याची हद्द आणि राज्यात येणारा माणूस या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावयाचा असतो, एवढी जाण त्या व्यापारी अंमलदारास होती, आणि या संग्रहातील पुढील लेखांत सरकारवर जी टीका आहे ती बव्हंशी ही जाण हरपल्याबद्दलची आहे.

परकीयांचा प्रवेश, वास्तव्य आणि हकालपट्टी यांसंबंधी मुंबई इलाख्यात व पुढे महाराष्ट्र राज्यात गेल्या पाऊणशे वर्षांत सरकारने जे केले, त्याची झाडाझडती या संग्रहात घेतली आहे. लेखक एका पक्षाचे नाहीत, आणि ज्या सरकारांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत तीही एका पक्षाची नाहीत: १९४८ चे काँग्रेसचे सरकार, १९९५ चे युतीचे सरकार आणि आजचे सरकार, या तिघांच्याही वाट्यास थोडाफार प्रसाद आला आहे. सरहद्द ही कल्पनाच मुळात अन्यायमूलक आहे, असा जो सूर एकदोन लेखांत उमटला आहे, त्याच्याशी मी सहमत नाही, आणि प्रस्तावनाकाराने लेखकांची री ओढलीच पाहिजे असा शिरस्ता असेल तर तो मी येथे मोडीत आहे. आपल्या मुलखात कोण आहे याचा हिशेब ज्या राज्यास ठेवता येत नाही, त्यास आतल्या माणसांचे रक्षणही करता येत नाही. मात्र धोरण कडक असावे की सैल, या वादात वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने खर्ची पडत असताना खरा प्रश्न बाजूस पडतो, असे मला वाटते. अमुक मनुष्य परका आहे असे सरकारने म्हटले, की ते खरे की खोटे हे सिद्ध कोणी करावयाचे, कोणत्या कागदाने, कोणासमोर आणि किती दिवसांत? मंत्रिमहोदय सभागृहात जे बोलतात ते दुसऱ्या दिवशी शिळे होते. माणसाचे भवितव्य ठरते ते या चार प्रश्नांच्या उत्तरांवर, आणि ती उत्तरे पोलिस ठाण्यातील एखाद्या मेजावर दिली जातात.

फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात जे घडले ते या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. महायुद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या लष्करी बराकींत सिंध आणि पश्चिम पंजाब येथून आलेली कुटुंबे उतरविण्यात आली. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे, आणि बिऱ्हाडांच्या मध्ये भिंती म्हणून चादरींचे व गोणपाटांचे पडदे. पुढे सरकारने त्यांच्यासाठी पक्क्या इमारती बांधल्या, वसाहतीस गुरू तेगबहादुर नगर हे नाव पडले, आणि हार्बर मार्गावरील कोळीवाडा स्थानकाच्या पाटीवरही कालांतराने तेच नाव चढले. त्या पंचवीस इमारती पुढे मोडकळीस आल्या आणि सुमारे बाराशे कुटुंबांच्या पुनर्वसनाचे प्रकरण म्हाडाकडे गेले, हा भाग निराळा. मौज अशी की, उभ्या मुंबईच्या उपाहारगृहांत ‘कोळीवाडा’ म्हणून जी बेसनात घोळवून, ओवा आणि लाल तिखट घालून तळलेली कोळंबी मिळते, ती कोळ्यांच्या चुलीवरची नव्हे. ती फाळणीनंतर येथे आलेल्या एका सरदारजीच्या कढईतून निघाली असे सांगतात. मूळच्या कोळ्यांनी या पदार्थाच्या नावावर हक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही.

या कुटुंबांपैकी सिंध्यांची गोष्ट तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या कलेक्टराचे कागद मुंबईच्या सचिवालयात येत, आणि कराचीहून बोटीने मुंबईस उतरणारा मनुष्य धारवाडहून आगगाडीने येणाऱ्याइतकाच इलाख्यातला समजला जाई. पुढच्या अवघ्या बारा वर्षांत तोच मनुष्य, आपले घर न बदलता, आधी परप्रांतीय आणि मग परराष्ट्रीय झाला, आणि घर सोडल्यावर निर्वासित. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळास, विशेषतः गृहखाते सांभाळणाऱ्या मोरारजी देसायांस, या लोंढ्याची चांगलीच धास्ती होती. १९४८ मध्ये इलाख्याने निर्वासितांविषयी स्वतंत्र कायदा करून नोंदणी सक्तीची केली, आणि शहरावरचा ताण कमी व्हावा म्हणून हजारो लोकांस कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांकडे वळविले. त्याच छावण्यांचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. या सक्तीवर त्या काळी जी टीका झाली तिचा परामर्श संग्रहातील दुसऱ्या लेखात आला आहे, आणि ती टीका पुष्कळ अंशी रास्त होती. परंतु नोंदणीच्या मेजाशी माणसास काय विचारीत, हेही पाहिले पाहिजे. नाव, बापाचे नाव, गाव, कुटुंबातील माणसे, मागे टाकलेली मिळकत. मिळकतीच्या दाव्यांची पुढे कसून छाननी झाली, कारण त्यात सरकारचा पैसा जाणार होता. पण मनुष्य कोण आहे याविषयी त्याची जबानी प्रमाण धरली गेली. शिकारपूरच्या कचेरीतून जन्माचा उतारा आणा, असे कोणी कारकून म्हणाला असता तर त्यास वेड्यात काढले असते. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानेही हाच मार्ग पत्करला: १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यास त्याच्या येथील वास्तव्यावर, आणि त्यानंतर आलेल्यास सहा महिन्यांचे वास्तव्य, अर्ज व नोंदणी यांवर नागरिक मानावे.

याहून एक पाऊल पुढची गोष्ट कोल्हापूर संस्थानात घडली होती. वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियाने सैबेरियात हाकलून दिलेली आणि इराणमार्गे आलेली ही मुख्यतः बायकामुले. ती गेली आणि त्यांच्या रिकाम्या घरांत सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच. पंचगंगेकाठच्या माणसांनी पाठोपाठ दोन परक्या समाजांस सामावून घेतले, आणि त्यामुळे राज्यास कोणता धोका पोचला असे कोणीही दाखविलेले नाही.

आता वर आलेली १९ जुलै १९४८ ही तारीख कोठून आली? त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून हिंदुस्थानात येणाऱ्यास परवाना आवश्यक झाला. बराकींतील निर्वासितांची जबानी प्रमाण मानणारे सरकार आणि हे परवान्याचे सरकार एकाच पक्षाचे होते. फरक होता तो येणाऱ्या माणसात. दंगलींच्या धास्तीने कराचीस गेलेले आणि महिन्या-दोन महिन्यांत आपल्या घरी, आपल्या दुकानी परतू पाहणारे मुसलमान हे या परवान्याचे मुख्य लक्ष्य होते. मुंबईच्या मेमन, खोजा, बोहरी घराण्यांची एक पाती भेंडीबाजारात आणि दुसरी कराचीच्या बंदरात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. तिच्यावर एका वटहुकुमाने पडदा टाकला, आणि १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या सातव्या कलमान्वये परवान्याच्या अटी मोडल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी केंद्र सरकारास त्या इसमास देशाबाहेर घालविता येई. तो इसम या देशाचा नागरिक असला तरी हरकत नसे.

घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या अनुच्छेदांवर जी चर्चा झाली, तिच्यात दोन मराठी माणसे समोरासमोर उभी होती, हे आमच्या इतिहासलेखनात जेवढे ठळक व्हावयास हवे तेवढे झालेले नाही. मसुदा मांडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, एखाददुसरा अपवाद वगळता एवढी डोकेदुखी दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने मसुदा समितीस दिली नव्हती, अशी कबुली त्यांनी तेव्हाच दिली. त्यास कडाडून विरोध केला अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी. या व्याख्येने हिंदी नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, मुंबईत घटकाभर थांबलेल्या परदेशी प्रवासिनीस मूल झाले तर तेही हिंदी नागरिक ठरेल, अशा आशयाचे त्यांचे आक्षेप होते. आणि जो हिंदू किंवा शीख अन्य कोणत्याही राज्याचा नागरिक नाही तो हिंदुस्थानचा नागरिक व्हावयास पात्र असावा, ही त्यांची उपसूचना होती. पंजाबराव कोणी आततायी नव्हते. विदर्भातील बहुजनांच्या दारी शिक्षण नेणारा, पुढे केंद्रात कृषिमंत्री झालेला तो कर्तबगार पुरुष होता. समितीने त्यांची सूचना फेटाळली. ती सत्तर वर्षांनी, नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत, बऱ्याच निराळ्या वेषात परत आली, असे संग्रहातील एका लेखकाचे मत आहे, आणि मला ते पटते. बाबासाहेबांच्या मसुद्याचा गुण उदारपणात नाही. सातव्या अनुच्छेदात परवान्याची अट त्यांनाही ठेवावी लागलीच. त्याचा गुण असा की, माणूस आत आहे की बाहेर हे त्याच्या जन्मावरून, आईबापांच्या जन्मावरून किंवा त्याच्या वास्तव्यावरून ठरावे, अंमलदाराच्या मर्जीवरून ठरू नये.

मर्जीचा तो प्रश्न पाचच वर्षांत मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ साली न्यायालयाने बहुमताने उपरोक्त सातवे कलम नागरिकांपुरते रद्दबातल ठरविले. नागरिकाने परवान्याचा नियम मोडला असेल तर त्यास दंड करा, कैद करा. परंतु त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची कोणतीही तजवीज न ठेवता, नुसत्या संशयावरून त्यास स्वतःच्याच देशातून काढून लावणे म्हणजे त्याचे नागरिकत्वच हिरावणे होय, असा त्या निर्णयाचा रोख. एका न्यायमूर्तींचे मत भिन्न होते. मूळ कायदा तोवर, पारपत्राची पद्धत सुरू झाल्यामुळे, १९५२ मध्येच गुंडाळला गेला होता, तेव्हा या निकालाने फारसे काही बिघडले वा सुधारले नाही असे कोणी म्हणेल. तथापि आजच्या घटनांकडे पाहताना मला वारंवार वाटते की, हा निकाल प्रत्येक पोलिस ठाण्यात फळ्यावर लिहून ठेवावयास हवा होता.

गोव्याचे उदाहरण थोडक्यात सांगून पुढे जातो. मुक्तीनंतर २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने एक आदेश काढून गोवा, दमण, दीव येथे २० डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या, अथवा ज्यांचे आईबाप वा आजाआजी तेथे जन्मले होते अशा सर्वांस एकदमच भारतीय नागरिक ठरविले. ज्यास ते नको असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. लाखो माणसांचा प्रश्न एका कागदाने सुटला. नको म्हणणारेही थोडे निघाले. त्यांतील एका धर्मोपदेशकाने पोर्तुगीज नागरिकत्व राखले, मग त्यास स्वतःच्याच गावी राहण्यासाठी परकीय म्हणून परवाना घ्यावा लागला, परवान्याची मुदत संपल्यावर त्याने तो वाढवून घेतला नाही, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने शिक्षा कायम केली. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख होता. पण त्या गृहस्थाने आयुष्यात कोणतीही सरहद्द बेकायदा ओलांडली नव्हती, सरहद्दच त्याच्या दारावरून पुढे निघून गेली होती, आणि तरीही त्याचे म्हणणे पायरीपायरीने न्यायालयांनी ऐकले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पूर्वेकडची सरहद्द ही या विषयाची सर्वांत अवघड बाजू. बांगलादेशाशी आपली हद्द ४,०९६ किलोमीटर लांब असून तिच्यातला बराच भाग पात्र बदलणाऱ्या नद्यांचा, चरांचा व भातखाचरांचा आहे. कुंपणाचे काम अनेक सरकारे आली नि गेली तरी पुरे झालेले नाही. १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली तेव्हा त्याचे पहिले महासंचालक झाले ते खुस्रो रुस्तमजी, आमच्या नागपूरजवळच्या कामठीचे. सरहद्दीचा पहारा राज्याराज्यांच्या पोलिसांकडून काढून एका केंद्रीय दलाकडे द्यावा, म्हणजे सरहद्द सरहद्दीवरच राखली जाईल, हा त्यामागचा विचार. साठ वर्षांनी परिस्थिती अशी की, सरहद्दीवर जे साधत नाही ते अठराशे-दोन हजार किलोमीटरांवरच्या झोपडपट्टीत साधण्याचा यत्न होतो. कारण उघड आहे. नदीच्या पात्रात रात्री कोण उतरला हे पाहणे कठीण. अँटॉप हिलच्या किंवा वडाळ्याच्या गल्लीत पहाटे जाऊन बंगाली बोलणारे वीस जण व्हॅनमध्ये बसविणे सोपे. या सोपेपणास धोरण म्हणण्याची सवय आपल्या राज्यकर्त्यांस लागली आहे.

या सवयीचा आरंभ नव्वदीच्या दशकात झाला, आणि संग्रहातील सर्वांत दीर्घ लेख याच काळावर आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांवरून मतदार याद्यांतील परकीय शोधून काढण्याचे ठरले, आणि मुंबईत दीड लाखांहून अधिक मतदारांस, तुम्ही भारतीय आहात हे सिद्ध करा, अशा नोटिसा गेल्या. यादी तयार केली होती पोलिसांनी. पुरावा म्हणून चालणार होते ते जन्मदाखला, पारपत्र, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र असे मोजकेच कागद. झोपडीत सुईणीच्या हातून जन्मलेल्या माणसाजवळ यांतले काय असणार? शिधापत्रिका चालेना, मागच्या निवडणुकीत केलेले मतदान चालेना. लालबाबू हुसेन यांच्या खटल्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मोहीम थोपविली: ज्याचे नाव आधीच यादीत आहे ते काही पाहूनच घातले गेले असले पाहिजे, त्याला वजन द्या; संशय असेल तर त्याची कारणे नोटिशीत लिहा; पोलिसांचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे, नोंदणी अधिकाऱ्याने स्वतःची बुद्धी चालवावी. एवढ्या साध्या गोष्टी सांगण्यासाठी देशातील सर्वश्रेष्ठ न्यायपीठास वेळ काढावा लागला.

त्याच्या पुढच्याच महिन्यात राज्यात युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे गृहमंत्री. बांगलादेशीयांना हुसकावून लावू, हे त्यांच्या प्रचारातले ठळक वचन होते. वचन पाळण्यासाठी माणसे हवी होती, आणि ती सापडली जरीच्या कारखान्यांत. ज्यांनी असा कारखाना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दहा बाय पंधराच्या पोटमाळ्यावर लाकडी चौकटीवर कापड ताणून बसविलेले असते, तिच्या दोन्ही अंगांस आठ-दहा पोरे मांडी घालून, वाकून, आरीने टिकल्या आणि कलाबतू टाचीत असतात, आणि रात्री चौकट भिंतीला टेकवून त्याच जागी झोपतात. हा कसब हावडा जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर चालतो, आणि तेथील पोरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस येतात. बोली बंगाली, धर्म मुसलमानी, दाखला बहुधा गावी. जुलै १९९८ मध्ये अशा काही जणांस मुंबई पोलिस कुर्ला-हावडा एक्सप्रेसने सरहद्दीकडे नेत असता, हावड्यानजीक उलुबेरिया स्थानकात फॉरवर्ड ब्लॉकच्या आमदाराच्या पुढाकाराने जमावाने गाडी अडविली आणि माणसे सोडवून नेली. ही आमच्याच जिल्ह्यातली माणसे, असे बंगालचे म्हणणे. हे परकीय, असे महाराष्ट्राचे. दोन राज्य सरकारे एकमेकांवर तुटून पडली, सभागृहे गाजली. जमावाने पोलिसांच्या ताब्यातून माणसे काढून नेणे हे कोणत्याही सुव्यवस्थित राज्यात खपवून घेण्यासारखे नाही, आणि बंगालच्या तत्कालीन राज्यकर्त्यांस तेव्हा त्याचे पुरेसे वाईट वाटल्याचे दिसले नाही. परंतु फलाटावर जो वाद झाला तो मुंबईत एखाद्या न्यायासनासमोर का झाला नाही? आसामात निदान न्यायाधिकरणे होती, त्यांचे गुणदोष काहीही असोत. मुंबईत परकीय कायद्याखालचे अधिकार पोलिसांकडेच सोपविलेले, तेव्हा आरोप करणारा, तपास करणारा आणि निर्णय देणारा हे एकाच खात्याचे नोकर.

त्या परकीय कायद्याविषयी दोन शब्द. १९४६ च्या या कायद्याचे नववे कलम सांगत असे की, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या इसमाची. महायुद्धाच्या काळातील, शत्रुराष्ट्रांच्या प्रजाजनांवर नजर ठेवण्यासाठी केलेल्या कायद्यांच्या पोटी ही तरतूद जन्मली. जर्मन खलाशी गोदीत सापडला तर त्यास विचारावयाचा प्रश्न आपण मुर्शिदाबादच्या गवंड्यास विचारू लागलो. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामचा १९८३ चा विशेष कायदा रद्द केला, तो मुख्यतः त्यात ही जबाबदारी सरकारवर टाकली होती म्हणूनच. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९, १९४६ व २००० या सालांच्या चार कायद्यांच्या जागी जो एकच कायदा अमलात आला आहे, त्यातही हे ओझे जेथल्या तेथेच ठेवले आहे. वसाहतवादाचे अवशेष पुसून टाकण्याची घोषणा करणाऱ्या सरकारास हा एक अवशेष मात्र जपून ठेवावासा वाटला.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. पैसे घेऊन सरहद्द ओलांडून देणारे दलाल आहेत, खोटे आधारपत्र व शिधापत्रिका करून देणाऱ्या टोळ्या आहेत, त्या कागदांवर येथे राहणारे बांगलादेशी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामिनाच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असणे एवढ्यावरून कोणी नागरिक ठरत नाही; ते कायद्यास धरूनच आहे. पण याचा व्यवहारातला अर्थ पाहा. आधार चालत नाही, मतदार ओळखपत्र चालत नाही, तर राहिला जन्मदाखला. आणि विलंबाने दिलेल्या जन्मदाखल्यांवर तर, मालेगावात असे दाखले गैरमार्गाने दिल्याचे आरोप झाल्यानंतर, राज्य सरकारने स्वतःच संशय घेऊन त्यांची फेरतपासणी आरंभिली. सरकारने दिलेला प्रत्येक कागद सरकारच नाकारू लागले, तर गरिबाने दाखवावयाचे काय? आणि भाषा ही तर कसोटीच नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा व चामोर्शी या तालुक्यांत बंगाली बोलणारी गावेच्या गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या त्या निर्वासितांस सरकारनेच रेल्वेने आणून, जमिनी देऊन तेथे बसविले. तेथला एखादा तरुण उद्या कामासाठी मुंबईस आला, तर त्याच्या बोलीवरून त्यास उचलणारा शिपाई महाराष्ट्राच्याच रहिवाशास परका ठरवीत असेल. इकडे बंगाली मजुरास निम्म्या रोजात राबविणारा मुकादम, त्यास भाड्याने खोली देणारा मालक यांची नावे अशा कारवायांच्या वृत्तांत क्वचितच वाचावयास मिळतात.

आता मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांस धाडलेल्या सूचनेकडे वळतो, कारण संग्रहातील शेवटचा लेख तिच्यावरच आहे. पकडलेला मनुष्य आपण अमुक राज्याच्या अमुक जिल्ह्याचे असे सांगत असेल तर त्या जिल्ह्याकडे चौकशी करावी, आणि उत्तर तीस दिवसांत यावे. न आल्यास त्याच्या हद्दपारीची कारवाई सुरू करता येईल. वरवर पाहता यात काही वावगे नाही, मुदत घातली हे बरेच झाले असेही कोणी म्हणेल. परंतु उत्तर द्यावयाचे आहे ते त्या माणसास नव्हे. ते द्यावयाचे आहे दूरच्या जिल्ह्यातील कचेरीस. तेथील कारकून रजेवर असेल, पत्र टपालात अडकले असेल, गावचे नाव इंग्रजीत चुकीचे लिहिले गेले असेल, दोन राज्यांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे असल्यामुळे उत्तर मुद्दाम रेंगाळले असेल. कशानेही तीस दिवस उलटले की त्या मौनाचा बोजा मजुराच्या खात्यावर चढतो. जून २०२५ मध्ये तर एवढीही वाट पाहिली गेली नाही: मुंबई परिसरातून उचललेले काही बंगाली मजूर सीमा सुरक्षा दलाच्या हवाली होऊन बांगलादेशात ढकलले गेले, पश्चिम बंगालच्या पोलिसांनी ते भारतीय असल्याचे कळविले, आणि मग दोन्ही देशांच्या सीमारक्षकांच्या बैठकीनंतर त्यांस परत आणण्यात आले. त्यांची शहानिशा कोणी केली, कोणते कागद पाहिले, कोणाच्या सहीने त्यांस रवाना केले, हे विधिमंडळात विचारावयास हवे होते. शेवटच्या लेखाच्या लेखकाने ते प्रश्न क्रमाने लिहून काढले आहेत; ज्या वाचकास इतिहासात फारसे स्वारस्य नाही, त्याने तो लेख आधी वाचला तरी चालेल.